आमच्या माघारी ह्याचं घर

हुपरीत घर कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी, तोड्यांसाठी, साखळ्यांसाठी आणि जोडव्यांसाठी देशभर ओळखलं जातं. चांदी आटवायची, तार ओढायची, तारेच्या कड्या करायच्या, कडीत कडी अडकवायची, डाग द्यायचा, घुंगरू लावायचे, शेवटी उजळायचं. एका पैंजणाला असे अनेक हात लागतात आणि ते सगळे एका छपराखाली नसतात. वजन करून दिलेली चांदी घरी येते, वजन करूनच परत जाते. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली, तळंदगे अशा आसपासच्या गावांतही हे काम पसरलं आहे. स्वयंपाक उरकला की बायका माजघरात कड्या जोडायला बसतात, शाळेतून आलेली पोरं घुंगरू ओवतात, म्हातारी माणसं डोळे साथ देतात तोवर काहीतरी हाताशी घेऊन बसतात.

मानसिक आजार असलेल्या प्रौढ माणसानं राहायचं कुठं, या प्रश्नाची सुरुवात मला या माजघरापासून करावीशी वाटते. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी आजार असलेल्या माणसाला जगाकडून ज्या गोष्टी सहज मिळत नाहीत, त्यातल्या दोन इथं आधीपासून आहेत. एक म्हणजे आपल्या माणसांत बसून करता येण्याजोगं काम. दुसरी म्हणजे जेवढं होईल तेवढंच करण्याची मुभा. नऊच्या ठोक्याला हजेरी नाही, मुलाखत नाही, आणि ‘मधली चार वर्षं कुठं होतास?’ असं विचारणारा साहेबही नाही. बरा दिवस असेल तर पावशेर काम होतं, वाईट दिवस असेल तर अंथरुणातून उठणंच होत नाही. घर ते सांभाळून घेतं.

पण घर म्हणजे कोण? बहुतेक वेळा आई. गोळ्या देणारी तीच, महिन्याला एसटीनं कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी डॉक्टरांकडे नेणारी तीच. रात्री आजारी मुलगा फेऱ्या मारू लागला की जागी राहणारीही तीच. बाप असला तर त्याचं लक्ष पैशाकडे. भाऊ वेगळा झालेला, बहीण सासरी. अशा घरातल्या कुणालाही आजाराबद्दल विचारा, बोलणं फिरून फिरून एकाच वाक्यावर येतं : ‘आमच्या माघारी ह्याचं कसं व्हायचं?’ आजार वीस-पंचविसाव्या वर्षी सुरू होतो आणि माणूस साठी गाठतो. आई तेवढी पुरत नाही.

हे दोन-चार घरांचं दुखणं आहे असं समजू नये. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि त्या जातीचे इतर आजार आयुष्यात कधी ना कधी झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे १.४ टक्के निघालं. म्हणजे हजार प्रौढांमागे चौदा. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपल्याकडचं चित्र फार वेगळं असावं असं मानायला कारण नाही. यातले काही जण पुरते बरे होतात, नोकरी-संसार करतात. काहींना मात्र आयुष्यभर थोडाफार आधार लागतो. हे प्रकरण त्यांच्याबद्दल आहे.

उत्तम घर म्हणजे आईबापांचंच घर, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारणंही कृतघ्नपणाचं वाटतं. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञानं तो विचारला. मोठ्या मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या माणसांचा त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेली माणसं भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडून दवाखान्यात येत होती. पुढच्या अभ्यासांतून कारण उलगडत गेलं. आजार कुटुंबामुळे झालेला नव्हता. पण घरातली सततची टोचणी, राग, किंवा उलट टोकाची काळजी, म्हणजे एक क्षण नजरेआड न होऊ देणं, यांचा ताण आजारी मनाला पेलत नव्हता. ‘ऊठ, आंघोळ कर, किती लोळतोस’ हे दिवसातून वीस वेळा म्हणणारी आई प्रेमानंच म्हणत असते. तिला दुसरं काय सुचावं? तिला कुणी शिकवलेलंच नसतं की उठता न येणं हेही आजाराचं लक्षण आहे, आणि कधी कधी रात्रीच्या गोळीचा तो परिणाम असतो.

१९८०च्या दशकात हाच अभ्यास चंडीगडमध्ये झाला. डॉ. नरेंद्र विग, ज्युलियन लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की लंडनच्या मानानं इथल्या कुटुंबांत, विशेषतः खेड्यातल्या, ही टोचणी आणि अतिकाळजी बरीच कमी आहे. आपल्या घरांची ही ताकद खरी आहे. चार माणसांत काळजी वाटली गेली की एकावर ताण येत नाही. मात्र तो अभ्यास झाला तेव्हाची घरं आणि आजची घरं सारखी नाहीत. दोन खोल्यांत एक म्हातारी आणि तिचा चाळिशीतला मुलगा एवढेच उरले, तर काळजी वाटून घ्यायला कुणी राहत नाही. आपण मात्र धोरणं आखताना अजून जुनंच भरलेलं घर डोळ्यांसमोर ठेवतो.

घर नको असेल, किंवा घरानंच दार लावलं, तर दुसरं टोक म्हणजे मनोरुग्णालय. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मंजूर खाटा पाहिल्या तर पुण्यात येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. कोल्हापूरच्या माणसाला यातलं जवळचं रत्नागिरी, १८८६ साली सुरू झालेलं, आंबा घाट उतरून पलीकडे. जोराच्या लक्षणांच्या काळात रुग्णालय हवंच, त्याबद्दल वाद नाही. अडचण पुढे येते. माणूस सुधारतो, डॉक्टर घरी जायला हरकत नाही असं लिहितात, आणि न्यायला कुणी येत नाही. कधी पत्ताच खोटा दिलेला असतो. कधी भाऊ येतो, कागदांवर सही करतो आणि एकटाच परत जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांमध्ये वर्षाहून जास्त काळ राहिलेली ४९३५ माणसं आढळली. तिथं राहणाऱ्यांपैकी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर जातं. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी खाट लागतच नव्हती, त्यांना राहायला जागा हवी होती.

कायद्यानं हे ओळखलं आहे, तेही स्पष्ट शब्दांत. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८मध्ये अमलात आला. त्याचं १९वं कलम सांगतं की समाजात राहणं हा मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंबाला तो नको आहे, डोक्यावर छप्पर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. हाफवे होम, समूह निवास अशा सोयी उभ्या करण्याची किंवा उभ्या करणाऱ्यांना बळ देण्याची जबाबदारी त्याच कलमानं सरकारवर टाकली आहे. मला हे कलम फार मोलाचं वाटतं, कारण घर ही दया म्हणून देण्याची वस्तू त्यानं ठेवलेली नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते महाराष्ट्रानं अभिमानानं सांगावं असं नाही. मनोरुग्णालयांतल्या बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. जुलै २०२१मध्ये न्यायालयानं राज्याला ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. एका कुलपातून काढून दुसऱ्या कुलपात ठेवायचं आणि कागदावर ‘पुनर्वसन’ लिहायचं, हे पुनर्वसन होत नाही. कुलपाच्याही पलीकडची जी गोष्ट असते ती आपण २००१ साली पाहिली. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात ६ ऑगस्टच्या पहाटे आग लागली आणि साखळदंडानं बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांना तिथं त्यांच्याच माणसांनी आणून ठेवलं होतं. बहुतेकांनी दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून.

दुसरं काही म्हणजे काय, याचं चांगलं उत्तर सुदैवानं कोल्हापूरपासून फार लांब नाही. ते रत्नागिरीतच आहे.

त्याची सुरुवात मात्र चेन्नईतली. तिथं १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी बायकांसाठी ‘द बॅनियन’ ही संस्था सुरू केली. बायकांना आसरा द्यायचा, उपचार करायचे, घर शोधून पोचवायचं, असं काम वाढत गेलं. काही वर्षांनी त्यांना दिसलं की ज्यांचं घर सापडत नाही किंवा ज्यांना घर परत घेत नाही, त्या बायका संस्थेतच साचून राहतात. संस्था कितीही मायेची असली तरी ती संस्थाच. शंभर जणींचा स्वयंपाक एकदम होतो, त्यामुळे आज आमटीत काय घालायचं हे कुणीही एक जण ठरवू शकत नाही. यातून २०१५च्या सुमाराला ‘होम अगेन’ हा उपक्रम निघाला. नेहमीच्या वस्तीत एक साधं घर भाड्यानं घ्यायचं आणि चार-पाच जणींनी तिथं एकत्र राहायचं, आपापल्या पसंतीनं. पुढे हा उपक्रम तमिळनाडूबाहेर पसरला, महाराष्ट्रात रत्नागिरीला आला. प्रादेशिक मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेली माणसं तिथून शहरातल्या साध्या घरांत राहायला गेली.

अशा घरात नेमकं काय असतं, ते सावकाश पाहायला हवं, कारण सगळं मर्म बारीकसारीक गोष्टींत आहे. दारावर पाटी नसते. गल्लीतल्या इतर घरांसारखंच घर. सोबतीला एक-दोन मदतनीस बायका असतात, बऱ्याचदा त्याच भागातल्या. त्या नर्स नसतात आणि राखणदारही नसतात. त्यांना काही आठवड्यांचं शिक्षण दिलेलं असतं : आजार कसा वाढतो, झोप उडणं ही कशाची खूण असते, गोळ्यांमुळे हात कापू लागले तर कुणाला कळवायचं, आणि मुख्य म्हणजे कुठं हात द्यायचा आणि कुठं मागे घ्यायचा. जिला भाजी चिरता येते तिला चिरू द्यायची, वेळ लागला तरी. जिला दुकानात जायची भीती वाटते तिच्यासोबत पहिले पंधरा दिवस जायचं, मग कोपऱ्यापर्यंत, मग दारातून पाहायचं. सामाजिक कार्यकर्ता अधूनमधून येतो, मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तपासतात. तब्येत बिघडली तर रुग्णालय आहे, पण तिकडून परत यायला घर राखून ठेवलेलं असतं.

मग कागद. पंचवीस वर्षं भिंतीआड राहिलेल्या माणसाकडे आधार कार्ड नसतं, रेशन कार्ड नसतं, बँकेत खातं नसतं, मतदार यादीत नाव नसतं. पत्ता मिळाला की या गोष्टी एकामागून एक मिळू लागतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढता येतं आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मागता येतं. हे पैसे थोडे असतात. पण आपल्या खात्यातून काढलेल्या पैशानं घेतलेली साडी आणि संस्थेच्या कपाटातून मिळालेली साडी यांतला फरक ती नेसणाऱ्या बाईला विचारावा.

या घरांतल्या बायका आणि संस्थेत राहिलेल्या बायका यांची तुलना अभ्यासकांनी केली, तेव्हा घरात राहणाऱ्यांचं वस्तीतल्या जीवनात मिसळणं वाढलेलं दिसलं. लक्षणं पूर्ण जातात असा दावा कुणी करत नाही. एखादीला आवाज ऐकू येतच राहतात. ती त्या आवाजांसकट बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन येते.

हाफवे होम म्हणतात ते यापेक्षा वेगळं. तिथं काही महिने राहून दिनक्रम बसवायचा, सवयी परत आणायच्या आणि घरी जायचं. पुण्या-मुंबईच्या आसपास अशा जागा आहेत, बऱ्याच खासगी आणि महागड्या. दिवसापुरती केंद्रंही आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेनं ‘त्रिदल’ चालवलं. पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. तिच्यामागे होते कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. परदेशात पत्नीची काळजी घेताना त्यांना कळलं ते त्यांनी महाराष्ट्रातल्या कुटुंबांपर्यंत पोचवण्यासाठी आयुष्याचा मोठा भाग दिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांचं बळ होतं. त्यातला शेष आणि त्याला आपल्या संसारात घेऊन आलेली बहीण अनेकांना आठवत असतील. तो चित्रपट पाहिलेल्या कित्येक बहिणींना पहिल्यांदा आपलं दुखणं पडद्यावर दिसलं : भाऊ टाकवत नाही आणि घर तुटायला येतं.

कायमच्या घरांची गोष्ट मात्र आपल्याकडे अजून कोवळी आहे. एक फट तर सरकारी रचनेतच आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी कायमच्या निवासाची योजना आहे. मानसिक आजार त्या यादीत नाही. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत उपचारानं सावरलेल्या माणसांच्या हाफवे होमला अनुदान मिळू शकतं, पण त्यासाठी अर्ज करणारी स्थानिक संस्था हवी. कोल्हापूरला संस्था उभ्या करण्याचं वावडं नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथंच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ स्थापन केली आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला राहायला जागा, शिक्षण आणि रोजगार एकत्र मिळाला तर तो काय करू शकतो हे साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. मनाच्या आजारासाठी तसं काम जिल्ह्यात उभं राहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हुपरीत असं घर कसं असेल? तळमजल्यावर तीन खोल्या, चालत जाता येईल इतक्या अंतरावर एसटी थांबा आणि औषधाचं दुकान. राहणारे चार जण. स्वयंपाकात आणि व्यवहारात हात देणारी, महिन्याचा पगार घेणारी गल्लीतलीच एक बाई किंवा बाप्या. काम गावात आहेच, फक्त ते नीट निवडायला लागेल. आटणी, डाग देणं, उजळण्यासाठी लागणारी आम्लं, हे गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नये. लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या काहींचे हात थरथरतात, अशा माणसाला बारीक कडी जोडायला लावली तर चिडचिड त्याचीही होते आणि माल देणाऱ्याचीही. घुंगरू ओवणं, मोजणं, जोड्या लावणं, डबीत भरणं, ही कामं जमण्यासारखी आहेत. मजुरी मात्र इतरांना मिळते तीच द्यायची. आजारी माणसाचं काम म्हणून निम्म्या पैशात उरकायचं असेल, तर त्यापेक्षा ते काम देऊच नये. आणि चांदी वजनावर येते, घट हिशेबात धरली जाते, तेव्हा वजनात फरक पडला तर पहिला संशय याच घरावर येणार. त्यासाठी सुरुवातीपासून माल घेताना-देताना मदतनिसानं समोर बसून वजन लिहून ठेवावं.

खर्च कोणी करायचा? कायद्यानं जबाबदारी सरकारची आहे आणि ती मागत राहिली पाहिजे. पण हा सहकाराचा मुलूख आहे. साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था इथल्याच माणसांनी उभ्या केल्या. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे अशी पाच-सहा कुटुंबं एकत्र आली तर एका घराचं भाडं आणि एका मदतनिसाचा पगार त्यांच्या आवाक्यातला आहे. खरा अडथळा पहिल्या भेटीचा आहे. ‘बाहेरचं आहे’ म्हणत देवर्ष्याकडे खेटे घातलेली, लग्न केलं की सुधारेल म्हणून एका परक्या मुलीचंही नुकसान केलेली, शेजाऱ्यांपासून वर्षानुवर्षं लपवत आलेली ही घरं एकमेकांना ओळखतच नाहीत. एकाच डॉक्टरांच्या बाकावर शेजारी बसून मान खाली घालतात.

तोवर आईबापांना करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत, त्या लांबणीवर टाकू नयेत. हिंदू वारसा कायद्याचं २८वं कलम सांगतं की आजारामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. म्हणजे ‘त्याला काय करायचाय हिस्सा’ असं म्हणत भावाभावांनी वाटणी उरकली, तर ते त्याच्या हक्काच्या मालमत्तेवर पाणी सोडणं ठरतं. मृत्युपत्रात त्याला राहत्या घरात हयातीपर्यंत राहण्याचा हक्क लिहून ठेवता येतो. खासगी न्यास करून घरभाड्याचं किंवा ठेवीच्या व्याजाचं उत्पन्न त्याच्या खर्चासाठी बांधून देता येतं. २०१७च्या कायद्यानुसार तो स्वतः आपला नामनिर्दिष्ट प्रतिनिधी निवडू शकतो, आणि आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवू शकतो. हे सगळं ठरवताना त्याला समोर बसवावं. आई म्हणते बहिणीकडे, आणि त्याला विचारलं तर तो म्हणतो मला वेगळी खोली हवी, असं पुष्कळदा होतं.

भाड्याचं घर घेतलं तर करार कुणाच्या नावावर करायचा, हा शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी रस्त्यावर राहणाऱ्या आजारी माणसांना आधी घर द्यायचं आणि उपचारांचं त्यांच्या कलानं घ्यायचं, असं काम सुरू केलं. आधी गोळ्या घे, आधी सुधार, मग खोली देऊ, ही तोवरची रीत त्यांनी उलटी केली. २००९पासून कॅनडानं पाच शहरांत दोन हजारांवर लोकांना घेऊन ही पद्धत पारखली. अशा रीतीनं घर मिळालेली माणसं नेहमीच्या सेवांवर असलेल्यांपेक्षा घर जास्त टिकवून राहत होती. त्यातलं एक तत्त्व आपल्या अकरा महिन्यांच्या करारालाही लागू पडतं : राहण्याचा करार आणि उपचारांची सोय यांची गाठ मारू नये. करार राहणाऱ्याच्या नावावर असेल, तर गोळ्या चुकल्या, मदतनिसाशी भांडण झालं किंवा संस्थेचं अनुदान थांबलं तरी त्याची खोली जात नाही. घरमालक सुरुवातीला संस्थेचं नाव मागेल, अनामत जास्त मागेल. अनामत द्यावी, जामीन म्हणून संस्थेनं सही करावी, आणि भाडेकरूच्या रकान्यात त्या माणसाचंच नाव लिहावं.